पंच हौदचं देवालय, नावामागची गोष्ट

पंच हौदचा चहा, म्हणजे टिळक-रानडे मिशनमधे चहा प्यायले आणि गावभर वाद झाला तो, सगळ्यांना माहितीये, त्यात शिरत नाही. ज्या आवारात तो चहा झाला तिथल्या चर्चच्या वास्तूबद्दल आणि मुख्य म्हणजे तिच्या नावाबद्दल लिहितेय, कारण खरा घोळ तिथे आहे.

पुण्यातल्या पहिल्या चर्चला जागा पेशव्यांनी दिली, १७९२ मधे, त्यांच्या फौजेत गोव्याकडचे कॅथलिक होते म्हणून. ते नाना पेठेतलं. पंच हौदचं त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, १८८० च्या दशकात झालं. ते गुरुवार पेठेत, तिचं जुनं नाव वेताळ पेठ, भागात पाच हौद म्हणून पंच हौद, मिशनलाही तेच नाव पडलं. बांधकाम दगडी, सोबत इटालियन धाटणीचा सुमारे १३० फुटी मनोरा, आत इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा. आजूबाजूला दुमजली वाडे, त्यांच्या कौलांवरून तो केवढा दिसत असेल तेव्हा!

आता नाव. रिक्षावाल्याला ‘पंच हौद चर्च’ सांगायचं, पण खरं नाव पवित्र नाम देवालय. लोक म्हणतात देवालय कसं काय, ते तर हिंदूंचं. मला हे अजिबात पटत नाही. इंग्रजीत चर्च म्हणजे इमारतही आणि माणसंही, आपल्याकडे ते वेगळं केलं, माणसं ती मंडळी आणि वास्तू ते देवालय, मराठी बायबलमधेही मंडळी हाच शब्द आहे, त्यामुळे ‘चर्चने ठरवलं’ म्हटलं की कोणी ठरवलं ते कळत नाही, ‘मंडळीने ठरवलं’ म्हटलं की लगेच कळतं. वसईचे कॅथलिक तर सरळ देऊळ म्हणतात. आणि कॅम्पातलं ज्यू लोकांचं सिनेगॉग अख्ख्या पुण्यासाठी लाल देऊळ आहे, ते कोणाला खटकत नाही. शब्द उसना घेतलेला नाही, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तोच आहे.

पुढे बिशपचं आसन इथे आलं, मग ‘कॅथेड्रल’ चिकटलं आणि नवीन मुलं तेच म्हणतात.

आजीची लग्नपत्रिका अजून आहे आमच्याकडे, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. स्थळ : पवित्र नाम देवालय. धाकट्या बहिणीच्या पत्रिकेचं प्रूफ आलं त्यात ‘होली नेम कॅथेड्रल’ होतं. ते खोडून प्रेसला परत पाठवलं, आजीच्या पत्रिकेचा फोटो सोबत जोडून.