कुत्र्याची तक्रार कुणाकडे, गाईचा ताप कुणाकडे?

सोसायटीच्या दारात एक कुत्रं तोंडातून लाळ गाळत फिरतंय. नाक्यावर गाय आडवी पडलीय. तबेल्यातल्या म्हशीनं कालपासून वैरणीला तोंड लावलेलं नाही. तिन्ही वेळा आपण एकच म्हणतो, "जनावरांच्या सरकारी डॉक्टरांना फोन लावा." पण शहरात असे डॉक्टर दोन असतात. एक महापालिकेचे पशुवैद्यकीय अधिकारी आणि दुसरे राज्याच्या पशुसंवर्धन विभागाचे पशुधन विकास अधिकारी. दोघांची पदवी तीच, दोघांच्या गाडीवर 'शासकीय' असंच काहीतरी लिहिलेलं. म्हणून एकाचं काम दुसऱ्याच्या दारात जातं, तिथून परत येतं आणि तेवढ्यात जनावराचा किंवा माणसाचा वेळ निघून जातो.

फरक एका वाक्यात सांगायचा तर असा: पशुधन विकास अधिकारी जनावराकडे त्याच्या मालकाच्या बाजूनं बघतात, महापालिकेचे अधिकारी शहराच्या बाजूनं. पहिल्यांच्या टेबलासमोर गाय, म्हैस, शेळी किंवा कोंबडी घेऊन आलेला शेतकरी असतो. दुसऱ्यांसमोर बहुतेक वेळा मालक नसलेलं जनावर असतं, आणि त्याच्याभोवती एकमेकांशी भांडणारी माणसं.

शहरातल्या अधिकाऱ्यांच्या कामातला सर्वांत मोठा आणि सर्वांत गैरसमजाचा भाग भटक्या कुत्र्यांचा. 'पालिकेनं कुत्री उचलून न्यावीत' ही मागणी रोज होते, पण तशी मोकळीक त्या अधिकाऱ्यांना नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारनं २००१ मध्ये श्वानांच्या प्रजनन नियंत्रणाचे नियम केले आणि मार्च २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. त्यांनुसार कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला छोटी खाच पाडायची आणि जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. सहा महिन्यांखालची पिल्लं नसबंदीसाठी उचलायची नाहीत. हे काम पालिका स्वतः करते किंवा भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडून करून घेते, पण जबाबदारी पालिकेचीच राहते.

'तिथंच परत' हा मुद्दा लोकांना सर्वांत जास्त खुपतो. गल्लीतली कुत्री कायमची हलवली आणि कचरा तसाच राहिला, तर शेजारच्या गल्लीतली कुत्री त्या जागेवर येतात. त्यांची नसबंदी झालेली नसते, लस टोचलेली नसते. उलट नसबंदी झालेली, लस टोचलेली कुत्री आपली हद्द राखतात आणि बाहेरच्यांना सहज घुसू देत नाहीत. म्हणून हे काम एखाद्या गल्लीत करून भागत नाही. वस्तीतली बहुसंख्य कुत्री, साधारण ७० टक्के, लसीच्या कक्षेत आली तरच रेबीजची साखळी तुटते. गोव्यात २०१४ पासून 'मिशन रेबीज' या संस्थेनं राज्याच्या पशुसंवर्धन खात्याला बरोबर घेऊन घरोघर, गल्लोगल्ली हेच केलं. मारून प्रश्न सुटतो ही समजूत मात्र जुनी आहे. मुंबईत कुत्री मारण्याच्या हुकमावरून १८३२ मध्ये दंगल पेटली होती आणि पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. त्यानंतरही किती दशकं कुत्री मारली गेली. गल्ल्या काही रिकाम्या राहिल्या नाहीत.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी या कामाची चौकट आणखी बदलली. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठानं दिल्ली परिसरातली कुत्री निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडायची, मात्र रेबीज झालेली, तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडायची नाहीत, आणि खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्यायच्या. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री हलवून परत तिथं न सोडण्याचा आदेश आला. म्हणजे कुत्रं गल्लीतलं आहे की शाळेच्या आवारातलं, यावर अधिकाऱ्यांचं उत्तर बदलतं. तक्रार करताना नेमकी जागा सांगणं म्हणूनच फार महत्त्वाचं.

कुत्र्यांपलीकडचं त्यांचं काम आपल्याला सहसा दिसत नाही, पण ते आपल्या ताटापर्यंत येतं. मुंबईत देवनारचं पशुवधगृह १९७१ पासून पालिका चालवते. तिथं वधापूर्वी प्रत्येक जनावर पशुवैद्यकानं तपासायचं असतं: ताप आहे का, लंगडतंय का, गाभण आहे का. गाभण जनावर किंवा तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली आई कापायला नियमानं बंदी आहे. २००१ च्या पशुवधगृह नियमांनी एका डॉक्टरनं तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत, अशी मर्यादा घातली आहे. घाईत नजरेखालून काढलेलं जनावर म्हणजे न तपासलेलंच, हे त्या आकड्यामागचं कारण. वधानंतर यकृत, फुप्फुसं आणि लसिका ग्रंथी बघायच्या, क्षयाच्या गाठी किंवा कृमींच्या पुटकुळ्या दिसल्या तर तो भाग बाद करायचा. याशिवाय पाळीव कुत्र्यांचे परवाने, मोकाट गुरांचा कोंडवाडा, रस्त्यावर मेलेल्या जनावरांची विल्हेवाट.

पशुधन विकास अधिकाऱ्यांचा दिवस वेगळा. श्रेणी एकचा पशुवैद्यकीय दवाखाना त्यांच्याकडे असतो. श्रेणी दोनचा दवाखाना बहुधा पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक सांभाळतात, आणि गावाकडे त्यांनाही 'डॉक्टर'च म्हणतात. उपचार, कृत्रिम रेतन, पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस, लाळ-खुरकतीची मोहीम, कानात बारा अंकी बिल्ला, विम्यासाठी शवविच्छेदनाचा दाखला, वीज पडून किंवा बिबट्याच्या हल्ल्यात जनावर दगावलं तर त्याची तपासणी. साथ आली की सगळा भार यांच्यावर. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट करण्याचं काम पशुसंवर्धन विभागाच्या पथकांनी केलं. २०२२ मध्ये लंपीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाची, मोठी साथ आली तेव्हा गोठ्यागोठ्यात लस घेऊन फिरणारेही हेच. घरपोच उपचारासाठी फिरती पशुचिकित्सा पथकं आहेत, त्यांचा टोल फ्री क्रमांक १९६२.

खरी गफलत होते ती दोघांच्या हद्दी जिथं मिळतात तिथं. शहरातला तबेलाच घ्या. म्हशीला कासदाह झाला, म्हणजे कास सुजली, तर राज्याचा दवाखाना. त्याच तबेल्याचं शेण गटारात जातंय किंवा परवानाच नाही, तर पालिका. लंपीसारख्या साथीत लस राज्याची, पण शहरातल्या गोशाळेपर्यंत आणि मोकाट गुरांपर्यंत पोचायला पालिकेचं पथक लागतं.

सर्वांत नाजूक प्रसंग म्हणजे भटकं कुत्रं गाईला चावतं तो. इथं एकाच वेळी तीन दारं ठोठवावी लागतात. चावणाऱ्या कुत्र्याची खबर पालिकेला. रेबीजचा संशय असेल तर त्याला जागीच मारायचं नसतं, वेगळं ठेवून लक्ष ठेवायचं असतं, आणि रेबीज असेल तर ते साधारण दहा दिवसांच्या आत मरतं. चावलेली गाय पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे, कारण जनावरालाही चावल्यानंतर रेबीजच्या लसीचे डोस द्यावे लागतात आणि ते त्याच दिवसापासून सुरू व्हायला हवेत. आणि तिसरं दार माणसाच्या रुग्णालयाचं, जे लोक विसरतात. पिसाळलेल्या गाईला गिळता येत नाही, लाळ गळते, घशात काहीतरी अडकल्यासारखं दिसतं, आणि घरधनी मायेनं तिच्या तोंडात हात घालतो. ज्यांनी असा हात घातला असेल त्यांनी तो साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर उपाय उरत नाही. मला हे कळकळीनं सांगायचंय, कारण 'गाईचंच तर आहे' म्हणून थांबणारी माणसं आहेत.

आता शिक्षणाचं. दोघांनाही पशुवैद्यक आणि पशुसंवर्धन शाखेची पदवी लागते. बारावी विज्ञान जीवशास्त्रासह, 'नीट' ही प्रवेश परीक्षा, मग एका वर्षाच्या आंतरवासितेसह (इंटर्नशिपसह) साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. राज्यातली सरकारी महाविद्यालयं नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, आणि मुंबईचं महाविद्यालय तर १८८६ चं. त्यानंतर १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार राज्य परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय कुणालाही व्यवसाय करता येत नाही. वाट फुटते ती इथून पुढं. पशुधन विकास अधिकारी गट-अ हे पद महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरलं जातं. २०२५ मध्ये आयोगानं या पदाच्या २,७९५ जागांची जाहिरात काढली. महापालिका आपल्या सेवाप्रवेश नियमांनुसार स्वतः भरती करते किंवा पशुसंवर्धन विभागातून प्रतिनियुक्तीवर, म्हणजे काही काळापुरता उसना, अधिकारी घेते. त्यामुळे कधी कधी कालचे गावचे 'गाईचे डॉक्टर' आज शहराच्या कुत्र्यांची फाइल सांभाळत असतात.

इंटरनेटवर या नोकरीचा शोध घेणाऱ्या मुलांना अमेरिकेतली माहितीच जास्त दिसते. तिथला गणवेशातला पशुनियंत्रण अधिकारी बहुतेक ठिकाणी पशुवैद्यक नसतो. शालेय शिक्षण, प्रशिक्षण आणि कायद्याची अंमलबजावणी यांवर त्याची नेमणूक होते, डॉक्टर निवाऱ्यात वेगळा असतो. आपल्याकडे निर्णयाची आणि अंमलबजावणीची बरीचशी जबाबदारी त्या एका पशुवैद्यकावरच येते. मला विचाराल तर शहराच्या पदासाठी नुसती पदवी पुरत नाही. पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यास, नसबंदीच्या शस्त्रक्रियांवर बसलेला हात आणि नियम तोंडपाठ हवेत. चिडलेल्या रहिवाशांना आणि तितक्याच चिडलेल्या प्राणिप्रेमींना एकाच बैठकीत शांतपणे उत्तर देता यायला हवं. श्वानवाहनावरच्या कामगारांना आधीच रेबीजची लस दिलीय ना, हेही त्यांनीच बघायचं असतं.

अनेक छोट्या नगरपरिषदांमध्ये हे पदच नसतं. तिथं कुत्र्यांचा अर्ज स्वच्छता निरीक्षकाच्या टेबलावर जातो. तो माणूस प्रामाणिक असला तरी त्याला शस्त्रक्रिया करता येत नाही की रेबीजचं निदान करता येत नाही. अशा गावात नागरिकांनी मागणी करायचीच असेल तर 'कुत्री हटवा' यापेक्षा 'पशुवैद्यक नेमा' ही करावी. २०२३ च्या नियमांत स्थानिक पातळीवर देखरेख समितीची तरतूद आहे आणि पशुसंवर्धन विभागाचा प्रतिनिधी त्या समितीत असतो. अर्ज त्या समितीच्या नावानं द्यावा आणि पोच घ्यावी.

साप, माकड, जखमी घार यांच्यासाठी मात्र या दोघांपैकी कुणीही नाही. तो वन विभागाचा विषय, हेल्पलाइन १९२६. जनावराला कुणी मारझोड करत असेल तर तो गुन्हा आहे आणि तक्रार पोलिसांत द्यायची. बाकी वेळी फोन लावण्यापूर्वी स्वतःला एवढंच विचारा: जनावराला मालक आहे आणि ते आजारी आहे? मग पशुधन विकास अधिकारी. मालक नाही, किंवा त्रास शहराला होतोय? मग महापालिका. तक्रारीत जागेची खूण, वेळ, जनावराचा रंग आणि कानाला खाच आहे की नाही हे लिहा. खाच असेल तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे आणि पथकाला पकडण्याचा निर्णय वेगळ्या कारणावर घ्यावा लागेल.