डॅन्यूबकाठचा मातीचा तट

छप्पर उडालेल्या मातीच्या भिंतीचं पाऊस काय करतो, हे गावातल्या पडक्या गढीपाशी उभं राहिलं की कळतं. दोन-चार पावसाळ्यांत कडा गोल होतात, अंगावर ओघळ पडतात आणि खालून ओल चढून पायथा पोकळ होतो. म्हणूनच १९५० साली दक्षिण जर्मनीत, डॅन्यूबच्या काठावरच्या होयनेबुर्ग टेकडीवर सुरू झालेल्या उत्खननात जे निघालं, ते चक्रावून टाकणारं होतं. बारमाही पावसाच्या, वर बर्फाच्याही मुलखात कच्च्या विटांचा तट!

ही टेकडी केल्ट या प्राचीन युरोपी लोकांची. साधारण इ.स.पू. ६०० मध्ये तो तट उभा राहिला, तेव्हा आल्प्सच्या उत्तरेला तटबंदी म्हणजे लाकडाचे सांगाडे आणि त्यांत भरलेली माती-दगड. उन्हात वाळवलेल्या विटा ही भूमध्य समुद्राकडची रीत. उत्खननाच्या प्रमुखांपैकी कुर्ट बिटेल यांनी त्याआधी तुर्कस्तानात हित्ती या प्राचीन लोकांची राजधानी हत्तुशा खणली होती. कच्ची वीट आणि तिच्याभोवतीची माती यांतला फरक ओळखायला अशी सवयीची नजर लागते, असं मला वाटतं.

वीट साधारण ४० सेंटिमीटर लांब-रुंद आणि जाडीला जेमतेम वीतभरही नाही. तट सुमारे ३ मीटर रुंद, अंदाजे ४ मीटर उंच, एका बाजूला पुढे आलेले चौकोनी बुरूज. मग तो टिकला कसा? पहिली गोष्ट जोत्याची. विटा जमिनीवर नाही, चुनखडीच्या दगडी जोत्यावर रचल्या होत्या. मातीतल्या बारीक पोकळ्यांतून पाणी वर चढतं, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं. दगडी जोतं ही वाट बरीचशी तोडतं. दुसरी गोष्ट चुन्याचा लेप. ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा कडक होतो. पण लेप तडकला की पाणी आत शिरणार, म्हणजे दरवर्षी डागडुजी आलीच. आपल्याकडे घर सारवणाऱ्या बायकांना हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. पांढराशुभ्र तट लांबून लखलखत असणार, आणि माझ्या मते त्यात दिखाव्याचा भाग मोठा होता.

तटाच्या आतली जागा जेमतेम ३ हेक्टर, पण बाहेरची वस्ती धरली तर पसारा १०० हेक्टरच्या आसपास जातो. डॅन्यूबच्या उगमाच्या संदर्भात प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस केल्टांच्या मुलखातल्या ‘पिरेने’ नगरीचा उल्लेख करतो. ती हीच असावी, असं काही अभ्यासक मानतात.

इथल्या श्रीमंतीचा अंदाज २०१० साली आला. टेकडीजवळच्या बेटेलब्यूल या ठिकाणचं एक थडगं जागेवर न उकरता भोवतीच्या मातीसकट उचललं गेलं. वजन सुमारे ८० टन! आत एका स्त्रीचे अवशेष, सोन्याचे आणि अंबरचे, म्हणजे झाडाच्या जुन्या, दगडासारख्या झालेल्या राळेचे दागिने. जमीन कायम ओली, त्यामुळे लाकूड कुजवणाऱ्या जीवाणूंना प्राणवायू मिळाला नाही आणि ओकच्या फळ्या टिकल्या. त्यांच्या वाढीच्या वलयांवरून झाड इ.स.पू. ५८३ मध्ये तोडल्याचं कळलं. पुरातत्त्वात इतकं नेमकं साल क्वचितच हाती लागतं.

तटाचा घास शेवटी पावसानं नाही, आगीनं घेतला. इ.स.पू. ५४०-५३० च्या सुमारास वस्ती जळाली. म्हणजे तट साठ-सत्तर वर्षं उभा होता, तीन पिढ्या. गंमत अशी, की इथली अथेन्सची काळ्या चित्रांची भांडी बरीचशी त्यानंतरच्या थरांतली आहेत. दक्षिणेशी संबंध तुटले नव्हते. तरी नवी तटबंदी बांधली ती जुन्याच पद्धतीनं, लाकूड आणि मातीची. कच्च्या विटांच्या वाटेला पुन्हा कुणी गेलं नाही. आज टेकडीवर त्या पांढऱ्या तटाचा एक तुकडा नव्यानं उभा केला आहे, छपरासकट.