फ्ल्युओरोपॉलिमरांचे पुनश्चक्रीकरण

ज्यांच्या कार्बन-शृंखलेवरील काही किंवा सर्व हायड्रोजन अणूंची जागा फ्ल्युओरिनाने घेतलेली असते, अशा बहुवारिकांना (लहान रेणू साखळीसारखे जोडून बनलेल्या पॉलिमरांना) फ्ल्युओरोपॉलिमर म्हणतात. टेफ्लॉन या व्यापारी नावाने ओळखले जाणारे पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलीन, संक्षेपाने पीटीएफई, हे त्यांतील सर्वाधिक खपाचे होय. एफईपी, पीएफए, ईटीएफई, पीव्हीडीएफ ही त्याच कुळातील. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पीटीएफईच्या टाकाऊ मालाचा विचार केला आहे.

पहिले फ्ल्युओरोपॉलिमर कोणते, याविषयी संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. बहुतेक ग्रंथ 6 एप्रिल 1938 हा दिवस देतात. त्या दिवशी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या जॅक्सन प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हे टेट्राफ्ल्युओरोएथिलीन वायूवर काम करीत होते. टाकीतून वायू येईना, पण वजन मात्र भरलेल्या टाकीचेच भरत होते. टाकी कापली तेव्हा आत पांढरी, मेणचट भुकटी मिळाली; तीच पीटीएफई. तिचे पेटंट 1941 मध्ये मिळाले. टेफ्लॉन ही व्यापारी मुद्रा 1944–45 च्या सुमाराची. तथापि जर्मनीत होख्स्ट येथे फ्रिट्झ श्लोफर आणि ओटो शेरर यांनी पॉलिक्लोरोट्रायफ्ल्युओरोएथिलीन या दुसऱ्या फ्ल्युओरोपॉलिमरासाठीचा पेटंट-अर्ज 1934 मध्येच केला होता. तारखा पाहता वर्गातील अग्रमान या दोघांना आणि पीटीएफईचा मान प्लंकेट यांना देणे अधिक सयुक्तिक दिसते. सच्छिद्र, ताणलेल्या पीटीएफईबाबतही असाच वाद आहे. त्याचे श्रेय सामान्यतः बॉब गोर यांच्या 1969 मधील प्रयोगाला दिले जाते. न्यूझीलंडचे जॉन क्रॉपर यांनी 1966 मध्ये तसेच यंत्र बनवले होते, पण ते गुपित ठेवले. अमेरिकी न्यायालयाने 1983 च्या निकालात हा गुप्त वापर गोर यांच्या पेटंटाच्या आड येऊ दिला नाही. त्या निकालाने पेटंटाचा प्रश्न सुटला. आधी कोणी केले, हा प्रश्न वेगळा राहतो.

दुसऱ्या महायुद्धात युरेनियम हेक्साफ्ल्युओराइड या अत्यंत क्षरणकारी वायूच्या झडपा व गॅस्केटे यांसाठी पीटीएफई वापरले गेले. आज रासायनिक कारखान्यांतील नळ्यांची अस्तरे, सील, तारांची वेष्टने, पुलांचे सरकते बेअरिंग, अर्धवाहक उद्योगातील आम्लवाहिन्या, लिथियम बॅटरीतील पीव्हीडीएफ बंधक असा त्याचा व त्याच्या भावंडांचा पसारा आहे. नळजोडणीची पांढरी टेप आणि नॉनस्टिक तवा सर्वपरिचित आहेत.

कार्बन-फ्ल्युओरीन बंध फार बळकट असतो, आणि पुनश्चक्रीकरणातील अडचणीचे मूळ पदार्थाच्या रेणुरचनेतच आहे. पीटीएफई 327 अंश सेल्सिअसला वितळते, पण वाहत नाही. त्याच्या रेणुशृंखला इतक्या लांब असतात की वितळलेला गोळा पारदर्शक जेलीसारखा जागीच बसतो. म्हणून पॉलिथिलिनाप्रमाणे भंगार वितळवून दाणे पाडता येत नाहीत. नवा मालही भुकटी दाबून आणि मग सुमारे 360–380 अंशांवर भाजूनच घडवतात. अशा ठोकळ्यातून लेथवर सुटे भाग कापताना सालींचा व किसाचा मोठा ढीग पडतो. भंगारात येणारा बहुतांश वापरण्याजोगा माल हाच.

हा कीस धुऊन, धातूचे कण काढून, दळून पुन्हा दांड्यांच्या रूपात भाजला जातो. काच, कांस्य किंवा कार्बन मिसळलेला माल वेगळा ठेवावा लागतो. एकदा मिसळला की वेगळा करता येत नाही. पुनःप्रक्रियित दांड्याची ताणशक्ती कमी असते, त्यात काळे-तपकिरी ठिपके राहतात आणि तो दुय्यम कामांपुरताच चालतो. दुसरी वाट इलेक्ट्रॉन किंवा गॅमा किरणांची आहे. या किरणांनी शृंखला तुटून ठिसूळ सूक्ष्मचूर्ण मिळते. ते छपाईची शाई, वंगणे, रंगलेप यांत मिसळतात. हवेत किरणन केल्यास पीएफओए हे घातक आम्ल अल्प प्रमाणात तयार होते, ही बाब उशिरा लक्षात घेतली गेली. पीएफओएचा समावेश 2019 मध्ये टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरील स्टॉकहोम करारात झाला, त्यानंतर सूक्ष्मचूर्णातील त्याच्या प्रमाणावर युरोपात मर्यादा आली. शिवाय शाईत गेलेले चूर्ण परत येत नाही. त्याला पुनश्चक्रीकरण म्हणण्यापेक्षा लांबवलेली विल्हेवाट म्हणणे उचित होईल.

खऱ्या अर्थाने चक्र पूर्ण होते ते ताप-अपघटनात, म्हणजे उष्णतेने रेणू तोडण्यात. लुईस आणि नेलर यांनी 1947 मध्ये दाखवले की सुमारे 600 अंशांवर आणि अतिशय कमी दाबाखाली पीटीएफई जवळजवळ पूर्णपणे आपल्या मूळ एकवारिकात, म्हणजे टेट्राफ्ल्युओरोएथिलिनात, परतते. येथे दाब निर्णायक ठरतो. तो वाढला की सुटलेले रेणू एकमेकांशी जुळून हेक्साफ्ल्युओरोप्रोपिलीन व ऑक्टाफ्ल्युओरोसायक्लोब्यूटेन वाढतात, आणि तापमान हाताबाहेर गेल्यास परफ्ल्युओरोआयसोब्यूटिलीन हा प्राणघातक वायू निर्माण होऊ शकतो. पीव्हीडीएफला ही पद्धत लागू पडत नाही. त्यातून एकवारिकाऐवजी हायड्रोजन फ्ल्युओराइड सुटते. जर्मनीत बव्हेरियातील बुर्गकिर्खेन येथे डायनिऑन कंपनीने 2015 मध्ये वर्षाला 500 टन क्षमतेचा प्रायोगिक कारखाना सुरू केला. तिची मूळ कंपनी थ्रीएम हिने डिसेंबर 2022 मध्ये 2025 अखेर या वर्गातील सर्व उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. तंत्र सिद्ध होऊनही ज्या उद्योगावर ते उभे होते तोच मागे हटला, ही खेदाची गोष्ट आहे.

किसाचे काम करणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी: हाताला लागलेली भुकटी विडी-सिगारेटवर जाऊन जळल्यास थंडी-ताप भरतो. 'पॉलिमर धूर-ज्वर' या नावाने त्याची नोंद 1951 पासून आहे. अशा कामाच्या जागी धूम्रपान कटाक्षाने टाळले पाहिजे.

टाकाऊ पीटीएफई जाळण्याविषयी तज्ज्ञांत दोन तट आहेत. जर्मनीतील कार्ल्सरूह येथील 2019 च्या प्रयोगात सुमारे 850 अंशांवरील दहनात पीएफओएसारखी चिंताजनक परफ्ल्युओरो संयुगे आढळली नाहीत. संशोधक राइनर लोमान आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये निर्मितीपासून विल्हेवाटीपर्यंतचे सर्व टप्पे एकत्र मोजण्याचा आग्रह धरला. तो अधिक पटण्याजोगा आहे. कारण शेवटचा धूर स्वच्छ असला तरी कारखान्याच्या सांडपाण्यातील संयुगे त्यामुळे नाहीशी होत नाहीत.

फ्ल्युओरिनाचा मूळ स्रोत फ्लुओरस्पार हे खनिज. भारतात ते गुजरातेत आंबाडोंगर येथे आणि महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव परिसरात आढळते. गरज मात्र मुख्यतः आयातीने भागते. देशात पीटीएफईचे उत्पादन सध्याच्या तेलंगणातील रुद्रारम येथे हिंदुस्थान फ्ल्युओरोकार्बन्स या कंपनीने केले. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सची ती उपकंपनी. ती बंद करण्याचा निर्णय केंद्राने जानेवारी 2020 मध्ये घेतला. गुजरातेत दहेज येथे खासगी क्षेत्रात उत्पादन चालू आहे.