वायर तुटते ती मशीनच्या तोंडाशीच

जुन्या ड्रिल मशीनची किंवा ग्राइंडरची वायर मधे कुठे क्वचितच खराब होते. तुटते ती एक तर प्लगजवळ, नाही तर मशीनच्या अंगात शिरते तिथल्या दोन-तीन बोटांच्या अंतरात. बाकीची सगळी वायर ठणठणीत असते. मशीन मधेच बंद पडतं, वायर जरा हलवली की पुन्हा चालू होतं, आणि मग ती ठरावीक कोनात धरून काम उरकायची सवय लागते.

मोकळी वायर वाकते तेव्हा वाक लांबवर पसरतो. बिडाच्या अंगात अडकलेला भाग मात्र हलतच नाही. त्यामुळे सगळा वाक भोकाच्या कडेवर एकवटतो आणि वायर तिथे मुडपते. वाकलेल्या तारेची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. किती, ते तारेची जाडी आणि वाकाची त्रिज्या यांच्या गुणोत्तरावर ठरतं. १.५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक वायरीच्या प्रत्येक कोअरमध्ये, म्हणजे आतल्या प्रत्येक रंगीत वायरीत, साधारण ०.२५ मिलिमीटर जाडीच्या ३० तारा असतात. अशी एक तार १० मिलिमीटर त्रिज्येत वाकवली, तर तिच्या पृष्ठभागावरचं तांबं सुमारे सव्वा टक्का ताणलं जातं. तेवढंच तांबं एकाच जाड तारेत असतं, तर हा आकडा सात टक्क्यांच्या आसपास गेला असता. बारीक तारांचा पीळ घालतात तो यासाठीच.

सव्वा टक्का किरकोळ वाटतो खरा, पण तांबं त्याच्या कितीतरी आधीच कायमचं वाकू लागतं. प्रत्येक वाकासरशी ते थोडं कडक होतं, मग सूक्ष्म चिरा पडतात आणि तारा एकेक करून तुटतात. इथे वाकाच्या त्रिज्येला फार महत्त्व आहे. ढोबळमानाने ती दुप्पट केली तर तांब्याचं आयुष्य दुपटीने नव्हे, तीन-चार पटींनी वाढतं.

बहुतेक तारा तुटल्या की त्यांची टोकं एकमेकांना टेकतात, सुटतात, आणि दर वेळी ठिणगी पडते. त्या उष्णतेने भोवतालचं आवरण करपतं, आणि करपलेला कोळसा स्वतःच वीज वाहून नेऊ शकतो. वायर धरून मशीन चालवणाऱ्याचा हात नेमका तिथेच असतो.

हे झालं तांब्याचं. आवरणाचे हाल वेगळेच. पन्नास हर्ट्झवर चालणारी चार पोलची मोटर मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, जरासा असंतुलित असेल तर सेकंदाला २४ आणि तासाला ८६,४०० हिसके बसतात. भोकाची बर, म्हणजे भोक पाडताना कडेला राहिलेली धातूची धार, नीट काढलेली नसली, तर ती कड कानशीसारखी वायर घासत राहते. त्यात जुन्या मशीनवरची वायर नैसर्गिक रबराची असू शकते. या रबराच्या रेणूंच्या साखळीतले दुहेरी बंध हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन हळूहळू तोडतात, आणि कार्बन ब्रशच्या मोटरमधल्या ठिणग्या ओझोन तयार करतातच. ताणलेल्या रबराला ओझोनच्या चिरा लवकर पडतात, म्हणजे पुन्हा वाकाच्याच जागी. खनिज तेलाने ते फुगतं ते आणखी वेगळं. तेल आणि ओझोन या दोन्हींना बरंच जास्त तोंड देणारं निओप्रीन १९३० साली ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. लेथजवळ आजही त्याच जातीची वायर वापरावी. साधी पीव्हीसी थंडीत ताठरते.

आता उपाय. भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेवर बसणारं कडं, बसवला की झालं, असं समजणारे पुष्कळ आहेत. ग्रोमेट फक्त धारदार कड झाकतो. तो वायर धरून ठेवत नाही आणि वाकही पसरवत नाही. वायरीला पाय अडकून हिसका बसला, तर तो ग्रोमेटमधून थेट आतल्या टर्मिनलच्या स्क्रूपर्यंत पोचतो. पकडीसाठी ग्लँड (आवळला की वायर घट्ट धरणारा नटासारखा भाग) किंवा आतून क्लॅम्प हवा, आणि तो बाहेरच्या जाड आवरणावर बसायला हवा, आतल्या रंगीत वायरींवर नव्हे. आत गाठ मारून भागवायची जुनी पद्धत घरगुती विद्युत उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकाला मान्य नाही, आणि ते योग्यच आहे: गाठीतले वाक फार लहान त्रिज्येचे असतात. याच मानकात चार किलोपेक्षा जड उपकरणाची वायर १०० न्यूटन, म्हणजे सुमारे दहा किलोच्या वजनाइतक्या जोराने २५ वेळा ओढून पाहतात. तेवढ्यात ती दोन मिलिमीटरहून जास्त सरकता कामा नये.

हातात धरून फिरवायच्या मशीनला वाकासाठी रबरी बाही किंवा तारेची स्प्रिंग लागते. बाही मुळाशी जाड आणि टोकाकडे निमुळती असते, कारण ताठरपणा हळूहळू कमी झाला तरच वाक पसरतो. ती वायरीच्या जाडीच्या निदान पाचपट तरी बाहेर आलेली असावी. जमिनीला बोल्टने आवळलेल्या मशीनला मात्र बाहीपेक्षा चांगला ग्लँडच महत्त्वाचा.

आत अर्थची वायर बाकीच्या दोघींपेक्षा थोडी लांब आणि सैल ठेवावी. पकड सुटून वायर ओढली गेलीच, तर आधी वीज तुटेल, अर्थिंग शेवटी. आणि स्क्रूखाली जाणाऱ्या तारांच्या टोकांना शिसं (सोल्डर) लावू नये. ते मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू पसरतं, जोड सैल होतो आणि तापू लागतो. त्याऐवजी लग, म्हणजे धातूचं तयार टोक, दाबून बसवावा.

काम झाल्यावर, प्लग बाहेर काढलेला असताना, अर्थच्या पिनेपासून मशीनच्या अंगापर्यंतचा रोध मल्टिमीटरने मोजावा. तो ओहमच्या दशांशांत यायला हवा, आणि मोजत असतानाच तोंडाशी वायर हलवून पाहावी. आकडा नाचला तर जोड पुन्हा उघडायचा. मीटरचं टोक रंगावर टेकवलं तर काहीच कळत नाही. अर्थचा स्क्रू आवळण्याआधीही त्याच्याखालचा जुना रंग उघड्या धातूपर्यंत खरवडून काढावा लागतो.