भोक नसताना हवा जाते कुठे?

साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात पहाटे चढणाऱ्या सायकली वाढल्या, तशी एक नवी तक्रार कानावर येते. महागडी लेटेक्स ट्यूब रात्री टणक भरून ठेवली, सकाळी बोटानं दाबली तर टायर मऊ. मिस्त्री ती घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत पूर्ण फिरवतो. बुडबुडा एक नाही. मग निदान ठरलेलं: व्हॉल्व्ह खराब! तो बदलला तरी दुसऱ्या दिवशी तेच.

भोक नसतंच. हवा चक्क रबरात विरघळून बाहेर पडते.

लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. त्यातला पॉलिआयसोप्रीनचा रेणू ही एक लांबच लांब साखळी. साध्या तापमानालाही या साखळ्या सतत वळवळत असतात आणि त्यांच्यामध्ये क्षणभर पोकळी उघडते, मिटते. आत दाबाखाली असलेले हवेचे रेणू रबरात शिरतात आणि या पोकळीतून त्या पोकळीत सरकत बाहेरच्या अंगाला निघतात. भिंत असते जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यामुळे वाटही लांबची नाही. आपली नेहमीची चांगली काळी ट्यूब ब्युटाइल रबराची. हे रबर 1937 साली अमेरिकेत तयार झालं. त्याच्या साखळीत एकाआड एक कार्बनवर दोन-दोन मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) चिकटलेले असतात. गच्च भरलेल्या एसटीत उभ्या माणसासारखी ही साखळी. कूस बदलायलाही जागा नाही. पोकळ्या उघडतात कमी आणि उशिरा. म्हणून ब्युटाइलमधून हवा नैसर्गिक रबराच्या साधारण दहाव्या हिश्श्यानं, किंवा त्याहूनही कमी झिरपते.

मग एवढी गळकी ट्यूब घ्यायची कशाला? तर ज्या वळवळीमुळे हवा जाते, तिच्यामुळेच सायकल पळते. चाक फिरताना जमिनीला टेकलेला भाग दर फेऱ्याला दबतो आणि पुन्हा फुगतो. ताशी 27 किलोमीटरला हे सेकंदाला साडेतीन वेळा होतं. मोकळी साखळी दबताना घेतलेली ऊर्जा चटकन परत देते. अडखळणारी साखळी मागे पडते आणि त्यातली बरीच ऊर्जा उष्णता होऊन जाते. नैसर्गिक रबराचा चेंडू टाकला तर टणकन उडतो, ब्युटाइलचा जवळजवळ तिथंच बसतो. रसायनशास्त्रातलं हे माझं सगळ्यात लाडकं प्रात्यक्षिक! सायकलीवर हा फायदा एका चाकामागे दोन-तीन वॅटचा. कासला फुलं बघायला जाणाऱ्याला तो जाणवणार नाही. शर्यतवाला त्यासाठी रोज पंप मारायला तयार असतो.

‘नायट्रोजन भरा, हवा उतरणार नाही’ हे महामार्गावरचं आमिष इथं सोडून द्या. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. शिवाय रबरातून ऑक्सिजन जास्त वेगानं निसटतो, म्हणजे वरचेवर हवा भरत गेलात की आतलं नायट्रोजनचं प्रमाण आपोआप, फुकटात वाढतं. कार्बन डायऑक्साइडची नळकांडी मात्र लेटेक्सला नकोच. तो वायू रबरात भलताच सहज विरघळतो.

घेताना टायरच्या मापाचीच घ्या. अरुंद ट्यूब रुंद टायरात ताणली की भिंत आणखी पातळ होते. कार्बनची रिम आणि रिमवर दाबणारे ब्रेक असतील, तर पसरणी घाटासारख्या लांब उतारावर रिम तापून लेटेक्स फुटू शकतं. तिथं ब्युटाइलच बरी. डिस्क ब्रेकला ही अडचण नाही. बसवण्याआधी टायरात टाल्कम पावडर भुरभुरा, ट्यूबमध्ये जराशी हवा भरा आणि ती टायरखाली कुठं चिमटली नाही ना ते सगळ्या बाजूंनी बघा. टायरबाहेर मात्र फुगवून बघू नका, एकाच जागी फुगा येतो. सायकलच्या चेनचं तेल, ऊन आणि ओझोन हे लेटेक्सचे वैरी. रेणूतल्या दुहेरी बंधांवर ओझोन तुटून पडतो.

बाभळीचा काटा लेटेक्सलाही सोडत नाही. जुन्या लेटेक्स ट्यूबचा तुकडा गोल कापून, सोल्युशनचा पातळ हात देऊन, वाळल्यावर दाबला की पॅच ट्यूबबरोबरच ताणतो. घाटात बरोबर न्यायची जादा ट्यूब मात्र ब्युटाइलचीच ठेवा. घाईत बसवताना ती जास्त सोसते आणि घरी पोचेपर्यंत हवाही धरते.