खोबऱ्यावरची काजळी

कोल्हापुरात मटणाचं वाटण म्हटलं की सुकं खोबरं भाजणं आलंच. बऱ्याच घरांत खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून थेट गॅसवर भाजतात. तेल पाझरतं, वाटी पेटते, निळी ज्योत पिवळी होऊन धुरकटते आणि खोबऱ्यावर काळा थर चढतो. तो थर तसाच वाटणात जातो, याची मला खरोखर काळजी वाटते.

सुक्या खोबऱ्यात ६० टक्क्यांहून जास्त तेल असतं. पुरेसा ऑक्सिजन न मिळता ते अर्धवट जळलं की कार्बनची षटकोनी कडी एकमेकांना चिकटून पीएएच (पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन) गटातली संयुगं तयार होतात. त्यांतल्या बेंझोपायरीनमुळे माणसाला कर्करोग होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा स्पष्ट निर्वाळा आहे. निखाऱ्यावरच्या कबाबातही हेच घडतं: चरबी ठिबकते, धूर उठतो आणि मांसावर बसतो. शिवाय मांसातलं क्रिएटिन आणि अमिनो आम्लं कडक आचेवर एकत्र येऊन हेटरोसायक्लिक अमाइन्स ही कर्करोगाचा संशय असलेली संयुगं बनतात, ती वेगळीच.

खमंग तांबूस रंग मात्र मायार अभिक्रियेचा. साखर आणि अमिनो आम्लं तापली की चव, वास, रंग तिच्यातूनच येतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. तिचीच एक वाट ॲक्रिलामाइड या संशयास्पद रसायनाकडे जाते. बटाट्यात ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. १२० अंश सेल्सिअसच्या वर ते साखरेशी जुळलं की ॲक्रिलामाइड बनतं. तळलेल्या पदार्थांत ते असल्याचं स्वीडनमध्ये २००२ साली उघड झालं. प्राण्यांमध्ये त्याने कर्करोग होतो. माणसांच्या आहाराच्या अभ्यासांत मात्र ठाम संबंध दिसलेला नाही. त्यामुळे भाकरीवरच्या चार काळ्या ठिपक्यांनी घाबरून जाऊ नये.

पांढरा रस्सा यातून जवळजवळ सुटतो, कारण पाणी आहे तोवर भांड्यातलं तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं. खोबरं मात्र किसून, मंद आचेवर, तव्यात बदामी होईपर्यंत परतावं. वाटी गॅसवरच भाजायची असेल तर पेटू देऊ नये, आणि काळा भाग सुरीने खरवडून टाकावा. तळायचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत; थंडीत त्यांतल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना ॲक्रिलामाइड वाढतं.