शाळा बंद होत्या, म्हणून मुलं गोळीपासून वाचली?

कोरोनाकाळापासून फिरणारा एक समज असा: अमेरिकेत शाळा बंद होत्या, मुलं घरी होती, म्हणून बंदुकीमुळे होणाऱ्या त्यांच्या इजा घटल्या.

असं वाटणं साहजिक आहे. बातम्यांत शाळेतलाच गोळीबार दिसतो. पण तिथे गोळीने दगावणाऱ्या मुलांपैकी शाळेत दगावणारी फार थोडी असतात. बहुतेक मृत्यू हत्या आणि आत्महत्यांचे, काही अपघाती, आणि त्यांतले कितीतरी घरातले किंवा घराच्या आसपासचे.

२०२० मध्ये तिथे बंदुकांची खरेदी प्रचंड वाढली. म्हणजे मुलं घरात आणि नवी बंदूकही घरात. पलंगाशेजारच्या खणात भरलेलं पिस्तूल असतं. मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, काढलं की ते रिकामं झालं असं मोठ्यांनाही वाटतं, पण नळीमागच्या कप्प्यात एक गोळी राहू शकते. ते मुलाला कसं कळणार?

अमेरिकेतल्या मृत्यूंची सरकारी नोंद इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. वय, कारण आणि वर्ष निवडून २०१९ आणि २०२० शेजारी ठेवा. १ ते १९ वयोगटात बंदुकीचे मृत्यू सुमारे २९ टक्क्यांनी वाढलेले दिसतात. त्या वर्षी त्यांनी वाहन अपघातांनाही मागे टाकलं. वयोगट मात्र नीट पाहा: यात १८-१९ वर्षांचे धरलेत, एक वर्षाखालची बाळं नाहीत. गट बदलला की आकडा बदलतो, आणि निम्मे वाद तिथूनच सुरू होतात.

बंदूक रिकामी करून कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवल्या, तर हा धोका बराच कमी होतो.